साचेखात्यातली बोली

२ जानेवारी १९८६, गुरुवार

मी नायिका झाले! अजून कागदावरच, पण दिग्दर्शक जयवंतरावांनी स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलं: सुलक्षणा घाडी. मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायला लागले तर ते हसले आणि म्हणाले, "बदलणार नाही बाई, शाईने लिहिलंय."

अर्बन अंकलना सांगायला धावत मरोळला गेले. दोन वर्षांपूर्वी मी घाटकोपरच्या साडीच्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या नेसून दाखवायचे. अंकल दुकानाच्या कॅलेंडरचे फोटो काढायला आले आणि ठरलेली मॉडेल आलीच नाही. त्यांनी मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि तिथून सगळं सुरू झालं. मग पावडर, मसाला, प्रेशर कुकर. पावडरच्या जाहिरातीत जयवंतरावांनी मला पाहिलं. अंकलनी आज मला केक भरवला आणि ही डायरी दिली. "आता तू अ‍ॅक्ट्रेस. लिहून ठेव सगळं, नाहीतर म्हातारपणी खोटं सांगशील."

तर खरं लिहिते. आईला सांगितलं, ती रडली आणि लगेच शेजारी सांगायला गेली. बाबांना सांगता आलं नाही.

बाबा बावीस वर्षं गिरणीत साचेखात्यात होते. शेकडो साचे, म्हणजे कापडाचे माग, एकदम धडधडत, तिथे माणसाचा आवाज कसला ऐकू येणार? साचेवाले एकमेकांशी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलायचे. त्यात बाबांचे कान गेले, ती बोली राहिली. आम्ही घरी तीच बोलतो. बाबांच्या समोर उभं राहायचं आणि एकेक शब्द ओठांवर कोरून दाखवायचा. ते पाठमोरे असले तर मात्र घसा फोडून हाक मारायची, म्हणजे थोडंफार पोचतं. आमच्या घरात दोनच आवाज आहेत. एक अजिबात नाही, आणि दुसरा दहिसरच्या चेकनाक्यापर्यंत.

संपात गिरणी गेली, लालबागची खोली गेली, आम्ही दहिसरला आलो. बाबा मरोळला एका कारखान्यात खोके बांधायला लागले. आणि नेमकं तेव्हा माझं कॅलेंडर छापून आलं. ऑगस्टच्या पानावर मी, मोरपिशी साडीत. बाबांनी फोटोतल्या पदरावर बोट ठेवलं. "ह्यो कपडो भिवंडीच्या पावरलूमचो. नायलॉन. आमच्या पोटार पाय देवन इलो, आणि माझा चेडू तो नेसून हसताहा." एवढं बोलले आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्यांचे वडील रागावले की बोलत नाहीत. आमचे बाबा रागावले की बघत नाहीत. ते बघत नसले की मी बोलणार कशी? एक वर्ष झालं.

५ जानेवारी, रविवार

आईने नवीन कॅलेंडर आणलं, पण बाबांनी त्यांच्या खाटेजवळचं जुनं काढू दिलं नाही. तिथे अजून गेल्या वर्षीचा ऑगस्टच लटकतोय. बिचाऱ्यांचं तारखांतही मन राहिलेलं नाही. गिरणीचा भोंगा गेला आणि त्यांचा दिवसच हरवला, असं आई म्हणते.

माझं मात्र ठरलंय. सिनेमा लागेल तेव्हा बाबांना घेऊन जाणार. कॅलेंडरमध्ये मी नुसती हसत होते. सिनेमात बोलणार आहे. वीस फुटांच्या तोंडाने बोलणार आहे! तिथून तोंड फिरवून दाखवा म्हणावं.

३ फेब्रुवारी, सोमवार

शूटिंगचा पहिला दिवस! अंधेरीचा बंगला, हिरवळ, खोटी तुळस आणि खरा अल्सेशियन. मी श्रीमंत बापाची मुलगी. ती बापाच्या मनाविरुद्ध लग्न करते आणि शेवटी फाटकाशी त्याचा निरोप घेते. सुती साड्या आहेत सगळ्या, मी आधी हात लावून बघितलं.

पहिलं वाक्य होतं, "रामूकाका, चहा आणा." मी म्हटलं. साऊंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढून फेकले. "मॅडम, रामूकाका याच बंगल्यात आहेत, बोरिवलीत नाहीत!" सगळं युनिट हसलं. मीही हसले, काय करणार!

पण जयवंतराव उठून जवळ आले आणि म्हणाले, "आवाजाचं तू डोक्यात ठेवू नकोस. तुझे ओठ बघितलेस? एकेक अक्षर स्वच्छ दिसतं. वीस वर्षांत असे ओठ मिळाले नव्हते." मला आकाश ठेंगणं झालं. बाबांमुळे मिळालं हे, त्यांना सांगायला हवं. कसं सांगणार, ते वेगळं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सेटवर एक मैत्रीण मिळाली. मालनताई. मुलुंडला राहते, नाटकातून कामं करायची, पस्तिशीची असेल. तिचं नक्की काम काय ते कळलं नाही, जयवंतरावांची सहायक असावी. कॅमेऱ्याच्या बाजूला स्टुलावर बसते आणि माझ्या प्रत्येक शॉटला वहीत काहीतरी लिहिते. मी श्वास कुठे घेतला, हुंदका कुठे दिला, सगळं. एवढं लक्ष माझ्या आईनेही माझ्याकडे दिलं नसेल.

तिच्या गळ्यात सदा मफलर आणि हातात गरम पाण्याचा थर्मास. थंड काही पीत नाही. तब्येत नाजूक दिसते.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. पाठांतर केलं. निरोपाच्या सीनमधलं माझं मोठं वाक्य आहे: "बाबा, मी सुखी आहे. माझी काळजी करू नका." कपाटाच्या आरशासमोर उभी राहून पन्नास वेळा म्हटलं, बिनआवाजी, आपल्या सवयीने. घरात दहा बाय बाराची एकच खोली. बाबा माझ्याकडे पाठ करून, हातात छोटा आरसा धरून दाढी करत होते. तीन वेळा फेस सुकला, तीन वेळा त्यांनी पुन्हा लावला. अर्धा तास चालली दाढी! हात कापतो का त्यांचा हल्ली? आईला म्हटलं, डॉक्टरला दाखवू.

आई म्हणाली, "तू तुझा पाठांतर कर. त्यांचो हात बरो आसा."

२३ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा पाठांतर. पुन्हा दाढी. शनिवारी तर केली होती!

१० मार्च, सोमवार

आज नाच होता. माझा पाय अल्सेशियनच्या साखळीत अडकला आणि मी नायकाला घेऊन हिरवळीवर आडवी झाले. जयवंतराव म्हणाले, "झकास! ठेवा हे." म्हणजे माझं पडणंसुद्धा मोठ्या पडद्यावर दिसणार. मी खूश आहे, मी वेडी आहे, मी उद्या लवकर उठणार आहे.

१९ मार्च, बुधवार

वाट लागली.

जेवणाच्या सुट्टीत मी मालनताईला म्हटलं, डबिंग कधी आहे, मला तारीख कळली तर मी आधी आठ दिवस घसा सांभाळीन, तुझ्यासारखं गरम पाणी पिईन. तिने घास खाली ठेवला. "तुला कोणी सांगितलं नाही?"

"काय?"

"अगं, डबिंग मी करणार आहे. तुझं. तुझा आवाज मी आहे."

मला आधी कळलंच नाही. मग एकेक करून सगळं कळत गेलं. वही, थर्मास, मफलर, "आवाजाचं डोक्यात ठेवू नकोस." मी इतकी माठ कशी?

"अकरा नायिकांना आवाज दिलाय मी," ती म्हणाली. "यातलं काही तुझ्याविरुद्ध नाही गं. तुझा आवाज मोठा आहे, मालवणी हेल आहे, आणि रोल बंगल्यातल्या मुलीचा. मॉडेलिंगमधून आलेल्या पोरींचं असंच करतात. चेहरा तुमचा, आवाज आमचा."

मी जेवण टाकून उठले. फाटकाबाहेर जाऊन खूप रडले. अल्सेशियन येऊन शेजारी बसला. कॅलेंडरमध्ये मुकी होते, सिनेमातही मुकीच राहिले. वीस फुटांचं तोंड, आणि त्यात आवाज दुसरीचा.

उद्या निरोपाचा सीन आहे.

२० मार्च, गुरुवार

मी काहीतरी करून बसले आहे.

झालं असं. फाटकाचा सीन, माझा क्लोजअप. समोर बाप झालेले नट हजर नव्हते, त्यांची दुसरीकडे तारीख होती. जयवंतरावांनी कॅमेऱ्याच्या बाजूला काठीवर एक टोपी टांगली. "हा तुझा बाप. टोपीकडे बघून बोल." आणि मग साऊंडवाल्याला म्हणाले, "तू चहा पिऊन ये. हा शॉट नुसता घेऊ, तसंही डबच करायचंय."

नुसता घेऊ! म्हणजे आवाजाची गरजच नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. टोपीकडे पाहिलं. तीही काही माझ्याकडे बघत नव्हती. मग मी ठरवलं असं काही नाही, ओठ आपोआप हलले. आवाज न काढता, साचेखात्यातल्या बोलीत, मी टोपीला सांगितलं: "बाबानू, माझ्याकडे बगा. एकदा तरी बगा." आणि डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना.

"कट! ओके! वा!" जयवंतराव ओरडले. युनिटने टाळ्या वाजवल्या, लाइटवाल्यांनीसुद्धा. वाक्य बदललं हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त मालनताई पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. तिने वहीत काही लिहिलं नाही.

माझं चुकलं का? चुकलं असेल. पण टाळ्या माझ्या होत्या!

११ ऑगस्ट, सोमवार

मधल्या काळात साबणाच्या दोन जाहिराती केल्या. कॅलेंडरही एक आलं. नायलॉनच्या साड्यांचं होतं, मी नको म्हटलं. अर्बन अंकल म्हणाले, "मॉडेल कपडा बघत नाय, बाय." मी म्हटलं, ही मॉडेल बघते.

आज डबिंग. मालनताईने मला मुद्दाम बोलावलं. अंधेरीत एका गल्लीत, दुमजली इमारतीच्या तळघरात. अंधार, गार हवा, समोर पडदा. एकेक तुकडा फिरून फिरून दाखवतात आणि मालनताई माइकसमोर उभी राहून माझ्या ओठांत शब्द ठेवते. रागावले होते मी तिच्यावर, पण हे बघून तोंडात बोट घातलं. मी हसले की ती हसते, माझा श्वास तुटतो तिथे तिचाही तुटतो. ती मला म्हणाली, "प, ब, म आले की ओठ मिटतात, तेवढं जुळवायचं. बाकी पब्लिकला कळत नाही."

मग फाटकाचा तुकडा आला. "बाबा, मी सुखी आहे," ती म्हणाली आणि थांबली. पुन्हा फिरवला, पुन्हा थांबली.

जयवंतराव पुढे सरकले. "हे काय बोलली आहे ही? सुलक्षणा, काय बोललीस?"

मी म्हटलं, "विसरले."

"विसरलीस? शेवटचा क्लोजअप आहे माझा! नाही जुळत तर काढून टाकावा लागेल. टोपीच्या जागी बाप घेऊ, पाठमोरा, त्यावर वाक्य टाकू."

तेवढं एकच वाक्य माझं होतं आणि तेच जाणार होतं. खरं सांगितलं असतं तर जयवंतरावांनी त्याच क्षणी कात्री मागितली असती. मी मालनताईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती, अगदी बाबा बघायचे तशी, ओठांवर डोळे रोवून. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा तुकडा फिरला. मग ती म्हणाली, "बसवते मी. लिहिलेलं वाक्य नाही बसणार, माझं चालेल?"

आणि तिने म्हटलं: "बाबा, माझ्याशी बोला. एकदा तरी बोला."

मिटणारे ओठ बरोबर जुळले. साऊंडवाल्याने डोळे पुसले. जयवंतराव म्हणाले, "माझ्या वाक्यापेक्षा हे बरंय. ठेवा." माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "तुला कळलं का गं, मी खरं काय बोलले?"

"पाचव्या वेळी कळलं. पण 'बघा' कशाला म्हणालीस ते नाही कळलं." मग मी तिला बाबांचं सगळं सांगितलं, तिथेच गल्लीत उभं राहून. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुढच्या सिनेमात तू स्वतः बोल. ये मुलुंडला दर रविवारी, हळू बोलायला शिकवते. माझं काम जाईल, पण जाऊ दे, अकरा जणी आहेत अजून."

९ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारी सिनेमा लागतोय! बोरिवलीच्या थिएटरबाहेर माझं पोस्टर आहे, रिक्षाएवढं. मी दोनदा रस्ता ओलांडून पाहिलं, तिसऱ्यांदा चष्मा लावलेल्या एका आजीने विचारलं, "तूच का गं ती?" मी हो म्हटलं, हळू आवाजात. मालनताईची शिकवणी कामाला येतेय.

घरी पास आणले, तीन, कुठेही बसता येईल असे. बाबांच्या उशाखाली एक ठेवला. आई म्हणाली, "येवचे नाय ते. त्यांका ऐकाक येणा नाय, काय बघतले थंय बसून?"

मी तिला सांगितलं नाही काय बघतील ते. आले नाहीत तर आले नाहीत, असं शंभर वेळा मनाला सांगते आहे. मन ऐकत नाही. ते एक वाक्य मी त्यांच्यासाठी ठेवलंय, दुसऱ्या कोणाला ते कळणारही नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला खेळ. बाबा सकाळीच बाहेर पडले, कामाला. पास उशाखाली नव्हता, पण आई म्हणाली चादर झटकताना पडला असेल. मी नवी पांढरी सुती साडी नेसले. मालनताई, अर्बन अंकल, आई आणि मी, बाल्कनीत पहिल्या रांगेत.

नावं आली, माझं नाव आलं, मी आईचा हात असा दाबला की तिची बांगडी वाढली. मग "रामूकाका, चहा आणा," मालनताईच्या मधाळ आवाजात. आईने माझ्याकडे वळून बघितलं, "ह्यो कोणाचो आवाज?" मी म्हटलं, शेजारी बसलीय तिचा. आई वाकून मालनताईला म्हणाली, "बरो आसा हां." मी नायकासकट पडले तेव्हा थिएटर दणाणलं. मला वाटलं, आता मेले तरी चालेल. मग वाटलं, नको, शेवट राहिलाय.

फाटक आलं. माझा चेहरा पडदाभर. "बाबा, माझ्याशी बोला. एकदा तरी बोला." बायकांनी पदर डोळ्याला लावले. मुसमुसणं ऐकू यायला लागलं.

आणि खालून, अगदी पुढच्या स्वस्त रांगेतून, एक आवाज आला. मोठा, सपाट, स्वतःचा स्वतःला ऐकू न येणारा. चेकनाक्यापर्यंत पोचणारा.

"बगतंय गो बाय! बगतंय मी! रडा नको!"

लोकांनी शूऽ केलं. कोणीतरी हसलं. "ए काका, खाली बसा!" पडद्याच्या उजेडात मला दिसले ते, उभे होते, खोक्याच्या कारखान्यातला निळा शर्ट घालून, मान वर करून. शेजारच्याने हात धरून खाली बसवलं, ते पुन्हा उभे राहिले.

मालनताईने माझं मनगट धरलं. "त्यांना खरं वाक्य कळलं," ती म्हणाली, आणि अकरा नायिकांसाठी रडलेली ती बाई पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात रडली. आई विचारत होती, काय झालां, काय झालां. मी जिना उतरत होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल लिहिता आलं नाही पुढचं.

थिएटरबाहेर बाबा पोस्टरखाली उभे होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी बघितलं. सरळ, तोंडाकडे, वर्षभरापूर्वी बघायचे तसं. वर्ष कसलं, दोन होत आली. मला एवढं सांगायचं होतं आणि ओठ हलेनात. मोठी अ‍ॅक्ट्रेस!

मग तेच बोलले, आवाज न काढता. "पाठांतरात ह्या वाक्य नव्हता. तू 'मी सुखी आहे' म्हणायचंस. 'काळजी करू नका' म्हणायचंस. बरोबर ना?"

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर माझ्याकडे पाठ करून बसायचा.

बाबांनी डावा हात चेहऱ्यासमोर धरला, आरसा धरतात तसा, आणि उजव्या हाताने गालावरून वस्तरा फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा.

घरी आल्यावर मी त्यांच्या खाटेजवळचा ऑगस्ट नीट पाहिला. माझ्या चेहऱ्यावर धुळीचा कण नाही, रोज पुसलेला. साडीवर मात्र बोटभर धूळ आहे. आज सकाळी बाबांनी दाढी केली, पाच मिनिटांत, माझ्याकडे तोंड करून, आणि पूर्ण वेळ मी बडबडत होते.